चपलांपाशी

बाबांना त्या बागेत घेऊन जायचं हे माझंच डोकं. घरात सांगितलं असतं तर ते टीव्ही बंद करून खोलीत जाऊन बसले असते, आणि मग लंडनच्या टोकाला, आमच्या एजवेअरच्या टीचभर फ्लॅटमध्ये नवरा, मी आणि ते, तिघांनी चार दिवस एकमेकांची तोंडं चुकवत फिरायचं. बागेत माणूस जरा मोकळा असतो. समोर झाड असतं, त्याच्याकडे बघत बोलता येतं. असं आपलं मला वाटलं.

सांगायचं होतं ते एका वाक्यात मावणारं होतं. गुरुवारच्या विमानाने बाबा परत जाणार होते, पण पुण्याच्या आपल्या घरी जाणार नव्हते. तळेगावच्या अलीकडे एक जागा आहे, वृद्धाश्रम म्हटलं की तिथले लोक दुखावतात, सीनियर लिव्हिंग म्हणायचं. तिथे मी आणि माझ्या धाकट्या भावाने त्यांच्यासाठी खोली ठरवली होती. भाऊ बंगळुरूला असतो. तो मुंबईच्या विमानतळावर येणार आणि बाबांना थेट तिथे नेणार. बाबांना यातलं अक्षरही माहीत नव्हतं.

'ताई, तू सांग. तुझं ऐकतात,' असं म्हणून भाऊ मोकळा झाला होता. सहा महिने बाबा माझ्याकडे होते. सहा महिन्यांत मला एक दिवस सापडला नाही, आणि आता हातात उरले होते चार.

इथेच का नाही ठेवून घेत, असं लोक फार सहज विचारतात. ऑफिसातल्या गोऱ्या बायकांपासून मंडळातल्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचा. आईबापांना कायमचं आणायला एक दार आहे म्हणे, कागदावर. त्यावर डोकं आपटून बघा आणि मग माझ्याशी बोला.

आई गेल्यापासून बाबा पुण्यात एकटे राहात होते. दोन वर्षं. त्यात गॅस दोनदा चालू राहिला, एकदा शेजाऱ्यांवर दार तोडायची वेळ आली. एकदा बसमधून भलत्याच ठिकाणी उतरले आणि कोणा रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. दर वेळी शेजारच्या काकूंचा फोन मला यायचा, मी मीटिंगमध्ये असायचे, आणि दर वेळी माझ्या तोंडचं पाणी पळायचं. म्हणून त्यांना इथे आणलं. बघू तरी, नक्की काय आहे.

आता मी कबूलच करून टाकते. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. चुका शोधायच्या, नीट नोंदवायच्या, पुन्हा करून बघायच्या, यावर माझं पोट. तर बाबा आल्यावर मी फोनमध्ये एक यादी सुरू केली. एप्रिल: काही नाही. मे: चहात मीठ. जून: लायब्ररी कधी उघडते हे एका सकाळी तीनदा विचारलं. जुलै: काही नाही. ऑगस्ट: चष्मा फ्रीजमध्ये. सप्टेंबर: काही नाही. सगळ्या मिळून तीन नोंदी, आणि त्यातली चहाची चूक तर मी स्वतःही केलेली आहे. आमच्या धंद्यात अशा रिपोर्टला कोणी विचारत नाही. पुन्हा करून दाखवा, म्हणतात.

आणि मला पुरावा हवा होता. लाज वाटते सांगायला, पण रोज सकाळी बाबा नीट अंघोळ करून, नीट भांग पाडून बाहेर आले की आनंद व्हायच्या ऐवजी मी फोनमधली यादी पुन्हा उघडून बघायचे. हा माणूस ठणठणीत असेल तर मी याला तिकडे कशाला पाठवतेय?

रविवार होता. नॉर्दर्न लाईन अर्धी बंद, मग रिप्लेसमेंट बस, मग आणखी एक ट्रेन. बागेपर्यंत पोचायला दोन तास लागले आणि माझं डोकं तिथेच तापलं. बाबा मात्र खूश. ही बाग फार जुनी, कधीकाळी राजघराण्याची होती. जगभरातून जहाजांवर घालून आणलेली झाडं, प्रत्येकाच्या पोटावर नावाची पाटी. गेटमधून आत शिरलो आणि बाबा गप्प झाले. मी समजले, मोजणी सुरू झाली.

बाबा सिटी सर्व्हेत होते. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या. रिटायर झाल्यावर मोजणीची साखळी गेली, सवय राहिली. कुठेही गेले की पावलं मोजतात. तोंडाने नाही, आतल्या आत, आणि मध्येच बोललं की हात वर करून थांबवतात. लहानपणी मला याची गंमत वाटायची. आता नुसती चिडचिड होते.

"सहाशे चाळीस," एका अवाढव्य चेस्टनटखाली थांबून ते म्हणाले. "गेटपासून इथवर. ही जागा छान आहे. बसू या."

झाडाची एक फांदी इतकी खाली आली होती की तिला लोखंडी टेकू दिला होता. मी चटई पसरली. बाबांनी काठाशी बूट काढले, शेजारी शेजारी, टोकं बाहेर करून. माझेही बूट उचलून तसेच लावून ठेवले. वेल्क्रोचे बूट मीच त्यांना घेऊन दिलेले. लेस बांधायला त्यांना वेळ लागायचा आणि दारात उभं राहून माझा जीव जायचा, म्हणून. "बालवाडीत निघाल्यासारखं वाटतं गं," असं ते पहिल्या दिवशी म्हणाले होते. मग कधी काही बोलले नाहीत.

आजूबाजूला सगळे बुटांसकट गवतावर लोळत सँडविच खात होते. आम्ही मोज्यांत मांडी घालून पोळीचे रोल, दहीभात, लसणाची चटणी. आता सांगावं, असं मी ठरवलं.

"बाबा, गुरुवारी तुम्ही जाल ना..."

"हो, आठवलं बघ. घराची किल्ली माझ्या हँडबॅगेत ठेव हो. चेक-इनच्या बॅगेत नको. बॅग हरवली तर मी दारात बसून राहीन."

झालं. ठेवते, म्हटलं.

जेवण झालं, चटई गुंडाळली, बूट घातले, आणि आम्ही काचघराकडे निघालो. बाबांचा हात पुन्हा वर. मी मुकाट्याने चालत राहिले.

काचघरात शिरलं की चष्म्यावर वाफ धरते. आत कोकणातल्या दुपारसारखा उकाडा. बाबांनी जॅकेट काढून माझ्याकडे दिलं, त्यातच त्यांचा फोन. केळीपाशी एक म्हातारी इंग्रज बाई केळफुलाचा फोटो काढत होती. बाबांनी तिला गाठलं. हे आम्ही खातो, असं सांगितलं. मग सोलायचं कसं, त्यातला दांडा कसा काढायचा, ताकात का भिजवून ठेवायचं, सगळं साग्रसंगीत, त्यांच्या त्या सरकारी इंग्रजीत. बाई बिचारी मान डोलावत होती. एक पायरी चुकली नाही. मी बघत उभी राहिले आणि मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात भावाचा फोन.

"बाबा, इथेच थांबा. आलेच मी," म्हणून मी बाहेर आले.

"सांगितलंस का?" हे त्याचं पहिलं वाक्य. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, तूच सांग ना, तुझ्या तोंडाला काय झालंय? तो म्हणाला, तू तिकडे आहेस, मी कसा सांगू? मी म्हटलं, मी इकडे आहे म्हणूनच सगळं माझ्या गळ्यात, आई गेली तेव्हाही हेच. मग आईचं आजारपण निघालं, कोण किती दिवस आलं ते निघालं, त्याच्या बायकोने काय म्हटलं होतं ते निघालं. बोलता बोलता मी चालत होते. चालल्याशिवाय मला भांडता येत नाही. शेवटी तो म्हणाला, "ताई, ते बरे आहेत असं तुला वाटत असेल तर आत्ता सांग. मी खोली सोडतो. पण मग उद्या गॅस राहिला तर मला फोन करू नकोस." मी फोन कट केला.

परत आले तर केळीपाशी बाबा नव्हते.

आधी नुसता राग आला. इथेच थांबा म्हटलं होतं ना! काचघराची एक फेरी मारली. दुसरी मारली. गोल जिना चढून वर गेले, वरून खाली झाडांच्या शेंड्यांतून पाहिलं. पांढरी डोकी शेकड्याने, पण आमचं त्यात नाही. बाहेर आले. तळ्याच्या काठाने धावले. टॉयलेटबाहेर उभी राहून एका अनोळखी माणसाला म्हटलं, आत माझे वडील आहेत का बघता का? नव्हते. कॅफे, दुकान, गुलाबाचा ताटवा. फोन लावला आणि माझ्याच हातातलं जॅकेट वाजायला लागलं.

तिथे माझं धाबं दणाणलं. पाकीट जॅकेटमध्ये. आमचा पत्ता त्यांना पाठ आहे का, मी कधी विचारलंच नव्हतं. बागेला चार गेटं. बाहेर रस्ता, रस्त्यापलीकडे नदी. आणि खरं सांगते, त्या सगळ्या घाबरण्याच्या तळाशी एक थंड आवाज म्हणत होता: मिळाला ना पुरावा? आता भावाला सांग. आता कोणी विचारणार नाही. त्या आवाजाची मला इतकी किळस आली की मी वाटेच्या मधोमध थांबले.

बागेत काम करणारी एक मुलगी वॉकी-टॉकी घेऊन चालली होती. तिला गाठलं. फार चांगली होती, मला बाकावर बसवलं, एक एक विचारत गेली. वय? ब्याऐंशी. उंची? कपडे? करडा स्वेटर, निळी पँट, बूट काळे वेल्क्रोचे. मग तिने अगदी हळू विचारलं, "त्यांना डिमेन्शिया आहे का? म्हणजे आम्ही तसं कळवू."

मी नाही म्हटलं. ताबडतोब. मग म्हटलं, माहीत नाही. मग म्हटलं, कदाचित. ती लिहायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. सहा महिने यादी करून मला एका शब्दात उत्तर देता आलं नाही.

"ते बिचकले की कुठे जातात?" तिने विचारलं. "प्रत्येकाची एक सवय असते."

बिचकले की? बाबा? मी त्यांना कधी बिचकलेलं पाहिलेलं नव्हतं. बिचकायची मी.

सात वर्षांची होते. चतुःशृंगीची जत्रा, मरणाची गर्दी. पायऱ्यांपाशी चपला काढताना बाबांनी मला खाली बसून सांगितलं होतं, "हरवलीस तर रडत फिरायचं नाही. मला शोधायचं नाही. चपलांपाशी येऊन उभं राहायचं. मी तिथेच येणार." आणि मी हरवले. रडत रडत पण खाली आले, आमच्या चार जोड्यांपाशी उभी राहिले. किती वेळ कोण जाणे. बाबा आले, ओरडले नाहीत, म्हणाले, "शाब्बास. आता तू कधीच हरवणार नाहीस." मग तो आमच्या घरचा नियमच झाला. देऊळ असो, लग्नाचं कार्यालय असो, चपला काढल्या की बाबा माझ्याकडे आणि भावाकडे एकदा बघायचे. आम्ही मान हलवायची. इथे येऊन मला वीस वर्षं झाली. इथे घराबाहेर कुठे चपला काढायची वेळच येत नाही.

आज आली होती.

त्या मुलीला धड सांगितलंही नाही, मी पळत सुटले. सहा वाजता बाग बंद होते. लोक गेटांकडे निघाले होते आणि मी उलटी, सगळ्यांना धक्के देत. छातीत दुखायला लागलं तरी थांबले नाही.

चेस्टनटखाली बाबा उभे होते. हात मागे बांधून, ताठ. पायात नुसते मोजे, गवताच्या ओलीने काळे झालेले. आणि दुपारी चटईचा काठ होता बरोब्बर त्या जागी त्यांचे बूट, शेजारी शेजारी, टोकं बाहेर करून.

मी काय करावं? मिठी मारावी ना? मी ओरडले. अख्खी बाग ऐकेल एवढ्याने. "इथेच थांबा म्हटलं होतं ना तुम्हाला! दीड तास! दीड तास शोधतेय मी! फोन नाही, पाकीट नाही, कुठे गेला असता? बूट कशाला काढलेत थंडीत?"

बाबांनी मला ओरडू दिलं. मी धापा टाकत थांबले तेव्हा म्हणाले, "थांबलो होतो. अर्ध्या तासाच्या वर थांबलो. आत गुदमरायला लागलं म्हणून दारात आलो, तर तू कुठेच नाहीस. मग काय करणार? इथून तिथवर चारशे बारा पावलं होती, मोजून परत आलो."

"आणि बूट?"

"चपलांपाशी यायचं ठरलेलं आहे ना आपलं? इथल्या चपला तर आपण पायात घालून गेलो होतो." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "चपला दिसल्या नाहीत तर तुला जागा कशी कळणार, बाळ?"

मी फोन काढून बघितला. भावाशी भांडण किती वेळ चाललं होतं ते तिथे लिहिलेलं होतं. सदतीस मिनिटं. मी मनात धरली होती पाच, फार तर दहा. चालत चालत मी तळ्यापलीकडे गेले होते, आणि हरवले ते बाबा असं समजून सगळ्या बागेला कामाला लावलं होतं.

मी गवतावर बसलेच. आणि बसल्या बसल्या, त्यांच्या ओल्या मोज्यांकडे बघत, सांगून टाकलं. तळेगाव, खोली, भाऊ विमानतळावर येणार, सगळं. गॅसचं सांगितलं, बसचं सांगितलं. यादीचंही सांगितलं. मला भीती वाटते बाबा, म्हटलं. रोज वाटते. फोन वाजला की वाटते.

बाबांनी माझ्या खांद्याचा आधार घेऊन एकेक पाय बुटात घातला. वेल्क्रो चर्रकन लागलं.

"म्हणजे किल्ली हँडबॅगेत नको," ते म्हणाले.

मी उठून जॅकेट त्यांच्या खांद्यांवर टाकलं.

"गॅस दोनदा नाही, चारदा राहिला होता," बाबा म्हणाले. "दोनदा मलाच कळलं. सांगितलं नाही तुम्हाला." मग समोरच्या टेकूकडे बघत राहिले. "हायवेपासून लांब आहे का?"

"नाही. पाचेक मिनिटं."

"खोलीचं तोंड कुठे?"

"पूर्वेला."

"बरं." त्यांनी मान हलवली. राग आला असता तर परवडलं असतं. ते नकाशा मांडत होते, परक्या गावी मोजणीला निघताना मांडायचे तसा. "आणि चपला कुठे काढतात तिथे?"

"म्हणजे?"

"अगं, आत चपला घालून जातात की बाहेर काढतात? बाहेर म्हणजे नेमक्या कुठे? खोलीच्या दाराशी, की खाली एकच जागा आहे सगळ्यांना?" माहीत नाही, म्हटलं. "विचारून ठेव. मला आधी माहीत हवं. डोकं असंच चालत राहील असं नाही. पण तेवढं मी पाठ करून ठेवीन. तू आलीस आणि मी दिसलो नाही, तर मी तिथे उभा असेन."

त्या जागेचा व्हिडिओ मी किती वेळा पाहिला होता. जेवणाचा हॉल माहीत होता, लिफ्ट माहीत होती, संडासातलं लाल बटण माहीत होतं, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतो तेही. पांढऱ्या केसांची डोकी सगळीकडे हसत बसलेली. त्यांच्या पायांकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

वॉकी-टॉकीवाली मुलगी छोट्या गाडीतून आमच्याकडे येत होती, लांबूनच हात हलवत. मी एका हाताने बाबांची बाही घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने भावाला फोन लावला. त्याने लगेच उचलला, विचारलं, सांगितलंस का? मी म्हटलं, सांगितलं. मग त्याला विचारलं, तू तर ती जागा जाऊन बघून आलास, तिथे चपला कुठे काढतात?

"चपला?" तो म्हणाला. त्यालाही माहीत नव्हतं.